साहेबाच्या भावाचा माणूस

धुळ्याच्या तुरुंगातून मला बंगल्यावर दिलं
तेव्हा कागदावर सही पेलम साहेबाची,
अंगठा कुणाचाच नाही.
कोठारातून फावडं देतात, तसं.

लळिंगच्या घाटात म्हैस वळवली होती मी.
एक म्हैस, सात वर्षं.
डाव्या पायात बेडी, पाठीवर पखाल,
पांझरेवरून पाणी आणून
साहेबाच्या झाडांना घालायचं –
निंबाला नाही, बोरीला नाही,
त्यांना इथे कुणी पाजावं लागत नाही.

चैत्रात एक पुडकं आलं समुद्रावरून.
साहेबाचा भाऊ तिकडे मेंढरं राखतो म्हणे;
म्हणजे राखत नाही, मालक आहे.
आबाजी कारकून ओसरीवर तंबाखू मळत म्हणाला,
‘तिकडे गोरे चोर असतात, रुमाल्या.
विलायतेतून जहाजात भरून नेतात
आणि सरकार वाटून देतं,
या घराला एक, त्या घराला दोन.
ह्याच्या भावाला एक मिळालाय. मेंढी चोरली होती त्यानं.’
किती वर्षं?
‘सात.’

मी हसलो.
आबाजीला वाटलं, गोऱ्याला बेडी पडली म्हणून.
मी हसलो ते
सरकारला मेंढी न् म्हैस वेगळी ओळखू येत नाही, ह्याला.

नाव काय त्याचं?
आबाजीनं पत्र उलटसुलट पाहिलं.
मेंढ्यांचा आकडा होता.

पुडक्यात बी, राईहून बारीक.
आणि बियांत एक केस,
तांबडा, मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखा.
साहेबाचे केस काळे.
भावाचेही असतील.
आणि उन्हात वाकून बी वेचणारा
तो भाऊ तर नसणारच.

केस फेकला नाही मी.
बियांसोबत मातीत घातला,
त्या आळ्याला ओंजळभर पाणी जास्त.

पाचव्या वर्षी झाड कौलांच्या वर गेलं.
पानं चुरगळली की औषधाचा वास.
उन्हाळ्यात साल सुटायची, लांब लांब पट्ट्यांनी,
खालून अंग निघायचं गोरं, ओलसर.
लोहारानं बेडी तोडली
तेव्हा माझ्या घोट्याभोवती तसंच निघालं.

जायच्या दिवशी नव्या कैद्याच्या पाठीवर पखाल चढवली.
वर बघत त्यानं विचारलं,
हे कसलं झाड रे?

नाव मला कुठे ठाऊक.
म्हटलं,
ओळखीच्या एकानं पाठवलंय.