निरोप_फायनल_२

डबल क्लिक. काळी चौकट.
खाली सेकंद मात्र इमानदारीत पुढे सरकतायत.

शरणपूर रोडवरचा दुष्यंत म्हणाला,
ताई, फाइल मेलेली नाही,
तिची भाषा कळणारं कुणी उरलं नाही या मशीनमध्ये.
एवढ्याचे त्याने दोनशे घेतले.

मग घरी मीच एकेक प्लेअर उतरवत बसले.
एकात नुसता हिरवा रंग.
दुसऱ्यात माणसं, पण मुकी,
ओठ हलतायत, टाळ्या वाजतायत बिनआवाजी.
तिसऱ्याने विचारलं,
इंडेक्स तुटलाय, दुरुस्त करू?
हो म्हटलं.

रात्री पावणेदोनला
सातपूरच्या कॅन्टीनमध्ये अण्णा उभे राहिले.
निळा युनिफॉर्म, झेंडूचा हार,
काखेत भेटीचं भिंतीवरचं घड्याळ, खोक्यासकट.
माइकवर दोनदा टिचकी मारली,
खाकरले, "मित्रांनो" म्हणाले
आणि तिथेच त्यांचे
चौकोन चौकोन झाले.

पुढे शूटिंगवाल्या अहिररावने
कॅमेरा चालूच ठेवून खुर्चीवर टेकवलेला.
बारा मिनिटं छताचा पंखा.
पत्रा, एक ट्यूबलाइट, तिची फडफड.
ताटांचा खणखणाट, कुणीतरी पापड मोडतंय,
आणि चौकटीच्या बाहेरून कुठूनतरी:
"अहिरराव, जेवलास का रे?
अरे मग बस आधी, शेवभाजी गार होते.
माझं भाषण काय, झालं ते झालं."

कंपनीच्या जागी आता गोदाम आहे.
भाषण कुठल्याच फॉरमॅटमध्ये निघालं नाही.
पंखा तेवढा
कशावरही चालतो.