चौथं घर

बुटांवर निळ्या पिशव्या चढवा, प्लीज.
फरशी बांबूची आहे
आणि अजून कोणाचीच नाही.

व्हरमाँटमधला ऑक्टोबर, तिकीट चाळीस डॉलर,
सात घरांतलं हे चौथं.
छातीवर बिल्ला लावून सकाळपासून मी तेच सांगतेय :
काच तिहेरी. भिंतीत मेंढ्यांची लोकर.
भट्टी नाही; चार माणसं आणि एक कुत्रा
एवढ्या उबेवर जानेवारी निघतो.
कुत्र्यापाशी लोक हसतात.
किंमत विचारली की माहितीपत्रक पुढे करायचं.

आर्लीन पेल्की हसली नाही.
मान मागे टाकून ती वरच बघत राहिली.
"ही तुळई?"
पुनर्वापरातली, मी म्हटलं, इथल्याच एका गोठ्याची.
खुणा मुद्दाम ठेवल्यात.

"खुणा कसल्या. वासरं आहेत ती."
बोटानं हवेत मोजत गेली –
"अठ्ठ्याहत्तरचा हिवाळा. सतरा.
आडवी रेघ म्हणजे
जगलं नाही ते."

मागचे लोक खोळंबले.
स्वयंपाकघरात कोणीतरी नळ उघडून पाहिला,
आवाजच आला नाही.
माझं पुढचं वाक्य कार्बनबद्दल होतं.
ते मी म्हटलं.

दाराशी तिच्या नवऱ्यानं वाकून
तिच्या पायांतल्या पिशव्या ओढून काढल्या.
टोपलीत गुडघ्याएवढा निळा ढीग,
संध्याकाळी कचऱ्यात जाणारा.

"घर चांगलंय," आर्लीन म्हणाली,
"ऊबही आहे.
फक्त तुळई उलटी बसवलीय.
सांगा त्यांना."