मूळ सापडेपर्यंत

मी फक्त सही होताना पाहिली होती, मजकूर नाही.
पिल्बीम वकिलांना एक साक्षीदार कमी पडत होता,
म्हणून शेजारच्या बेकरीतून मला हाक मारली.
हात धुवायलाही उसंत नव्हती.
झेरॉक्समध्ये माझ्या नावाशेजारी अजून दिसतो तो डाग,
लोण्याचा, अंगठ्याएवढा, काळपट.

ऑगस्टची सकाळ. ह्यूऑन नदीवर धुकं,
पावांची दुसरी खेप भट्टीत.
मर्ल टॅटरसॉलनं तिन्ही पानांवर सही केली,
दर सहीनंतर पेनाला टोपण घातलं, पुन्हा काढलं.
दुसरा साक्षीदार, वकिलांचा कारकून लायोनेल,
पुढच्याच वर्षी होडीसकट गेला.
मग पिल्बीमही गेले.
त्या खोलीतली उरले मी.

मूळ कागद मर्ल घरी घेऊन गेली. तिथेच सगळं अडलं.
नवे वकील तरुण आहेत, बोलताना कान लाल होतात त्यांचे.
म्हणाले, जिच्या ताब्यात मृत्युपत्र होतं
तिच्या घरात ते मिळालं नाही,
तर तिनंच ते फाडलं असं धरून चालतो कायदा.
मनच बदललं तिचं, असं धरून चालतो.
म्हणजे सफरचंदांची बाग, घर, ट्रॅक्टर, दोन कुत्री
सगळं पर्थच्या पुतण्याला,
ज्याला कुत्र्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत.

आणि ऊना?
एकतीस वर्षं त्याच घरात, त्याच चुलीशी.
अर्जात नात्याच्या रकान्यात
वकिलांनी आधी ‘मैत्रीण’ लिहिलं,
खोडून ‘भाडेकरू’ लिहिलं,
मग तेही खोडलं.

आम्ही दोघींनी घर उपसलं.
बिस्किटांच्या डब्यात सुतळीचे तुकडे,
कशालाच न पुरणारे, तरी गुंडाळून ठेवलेले.
मेलेल्या कुत्र्याचा पट्टा.
बियांची रिकामी पाकिटं.
सदुसष्टच्या वणव्यात वितळलेली दाराची मूठ.
विजेची बिलं, भरलेली, वर्षवार.
आणि तिच्या आईचं एक पत्र,
पुन्हा उंबऱ्यात पाऊल ठेवू नकोस, एवढंच लिहिलेलं.
तेही चारी घड्या जपून.

प्रतिज्ञापत्रात मी हे सगळं घालायला लावलं.
वकील म्हणाले, सुतळी कशाला?
म्हटलं, लिहा.
जिला वीतभर सुतळी टाकवली नाही
तिनं हा कागद फाडला म्हणायचं असेल
तर आधी ती सुतळी नजरेखालून घाला म्हणावं.

होबार्टला न्यायाधीशांनी ते वाचलं म्हणे.
पावणेपाच महिन्यांनी प्रत मान्य झाली,
लोण्याच्या डागासकट.
हुकुमाच्या तळाशी मात्र एक ओळ होती:
मूळ मृत्युपत्र, किंवा याहून अस्सल प्रत, सापडेपर्यंत.

त्या दिवशी मी केक नेला होता, आल्याचा.
ऊनानं सुरी हातात घेतली, आणि तशीच थांबली.
“आणि सापडलं,” ती म्हणाली, “पण दोन तुकड्यांत, तर?”

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?
सही करताना मर्लचा हात कापला नव्हता,
एवढंच मला शपथेवर ठाऊक.

आता ती पोटमाळ्यावर जात नाही.
पुस्तकं झटकत नाही.
चुलीमागची एक फळी कधीची सैल आहे;
परवा मी सहज हात लावला
तर केवढ्यानं म्हणाली, राहू दे, वारा येईल आत.
वारा तर येतच होता.

काल जाताना मी चार खिळे नेले, हातोडी नेली,
आणि आत न बघता
ठोकून दिली ती फळी.
कुत्री भुंकत राहिली बराच वेळ.