टेकू

मे महिन्यात अंतोनोव्काच्या पानांची चाळणी झाली
तेव्हा इमांत्स म्हणाला, मावा आहे,
आणि साबणाचं पाणी कालवायला गेला.
वेल्टाने पान उलटं केलं. चष्मा कपाळावर.
मावा रस पितो, म्हणाली, पान मुडपतं, बोटाला चिकटतं.
हे कुरतडलंय.
मग कळीच्या पोटात तिला ती सापडली,
हिरवी, शिवणाच्या दोऱ्याएवढी,
पाठीची कमान करून वितेवितेने फांदी मोजणारी.

पण खोडाला आपण पट्टी बांधली होती, इमांत्स म्हणाला.
ऑक्टोबरातच. तेलकट कागद, वर डिंक.
डिंकच भेसळीचा असणार.
सगळा उन्हाळा तो त्सेसिसच्या दुकानदाराला शिव्या घालत होता
आणि मी कुंपणापलीकडून ऐकत होते.
माझ्या तीन झाडांनाही त्याच डब्यातला डिंक होता,
त्यांची पानं धड होती.
हे मी बोलले नाही. शेजार टिकवायचा असतो.

पुन्हा नोव्हेंबर. चार वाजताच अंधार,
गवतावर कुरकुरीत पांढरं दव.
वेल्टाने बॅटरी उचलली, मलाही हाक मारली.
उजेडाभोवती नर भिरभिरत होते, राखाडी, हलके, रिकामटेकडे.
माद्यांना पंख नसतात.
अंड्यांनी तट्ट भरलेलं पोट आणि सहा पाय, एवढंच.
त्यांना चढावंच लागतं.

पट्टीवर सात अडकल्या होत्या. आम्ही मोजल्या.
डिंक चांगलाच होता.
मग वेल्टाने बॅटरी जराशी डावीकडे फिरवली:
दोन वर्षांपूर्वी, फळांच्या ओझ्याने फांदी वाकली तेव्हा
इमांत्सने स्वतः ठोकलेला बर्चचा टेकू,
काढायचा राहून गेलेला,
आणि त्यावरून
एकीमागून एक,
सावकाश,
वर.

ती काही म्हणाली नाही. मीही नाही.
स्वयंपाकघराच्या खिडकीत इमांत्स उभा होता,
उजेड कुठे थांबला ते त्याला दिसलं असणार.

आज सकाळी बघते तर
टेकूला पट्टी. शिडीला पट्टी.
कपडे वाळत घालायच्या खांबालासुद्धा.
आणि टेकूवरच्या डिंकात, दोन माद्यांच्या शेजारी,
त्याचा डाव्या हाताचा लोकरी हातमोजा,
लाल नक्षीचा, वेल्टाने विणलेला,
बोटं वरच्या दिशेला.