ताब्यात आढळले

ते घरी आलं तेव्हा मी नववीत होतो.
अप्पांनी रुमालाची गाठ सोडून
पेढ्याएवढं काहीतरी टेबलावर ठेवलं,
पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या.
"क्रॉफर्ड मार्केटात एकाने दिलं," म्हणाले,
"वास्तूला चांगलं असतं."
विकत घेतलं, असं म्हणाले नाहीत.

शहाण्णव साल. कायदा तेव्हाही होता,
चोवीस वर्षांचा, माझ्याहून थोरला,
पण कन्नमवार नगरात तो कुणाच्या ओळखीचा नव्हता.

आम्ही त्याला पाण्यात ठेवलं.
कासव म्हणजे पाणी, एवढंच ठाऊक.
निळा टब, बोटभर पाणी, तळाशी चार-चार आण्यांची नाणी.
ते काठाला पाय लावून उभं राहायचं,
उताणं पडायचं,
पुन्हा उभं राहायचं.
आई म्हणायची, बघा कसं खेळतंय.

रविवारी गॅलरीत ऊन.
फरशीवर चालताना पाय चौफेर घसरायचे.
कोबी, टोमॅटो, चहात बुडवलेला पाव.
पाठ वाढली ती टेंगूळ टेंगूळ होऊन.
वयाने होत असेल, म्हटलं आम्ही.

अप्पा कुलपांच्या कारखान्यात.
आल्यावर हात धुवायच्या आधी
तेलकट बोट त्याच्या पाठीवरून फिरवायचे,
"हा एकटाच बिनकुलपाचा," म्हणायचे.
अप्पा गेले.
टबातलं पाणी मी बदलू लागलो.

इमारत पाडायची ठरली, सामानाची यादी करायला बसलो.
कपाट, पलंग, मिक्सर, कासव.
मुलीने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं:
अनुसूची एक. तीन वर्षं ते सात.
"बाबा, तुम्ही आत जाणार," म्हणून हसली,
आणि मग हसायची थांबली.

मीच फोन केला.

घाटाळ बाई आल्या, खाकी कपड्यांत, एकट्या.
जव्हारकडच्या. चपला दाराबाहेर काढल्या.
"मालकाचं नाव" या रकान्यातला पहिला शब्द खोडून
त्यांनी वर लिहिलं: "ज्यांच्या ताब्यात आढळले."
मालक कुणी नसतं, म्हणाल्या,
रानातलं जनावर सरकारचं.
मग जरा थांबून, आवाज उतरवून:
सरकारचं म्हणायचं, एवढंच.

पंच दोन. एक खालचा इस्त्रीवाला, रामसजीवन.
दुसरे गोन्साल्विस. त्यांनी जाता जाता
आपल्या राखाडी पोपटाचा कागद पुढे केला, लॅमिनेट केलेला.
"माझं ठीक आहे ना?"
ठीक होतं. पोपट आफ्रिकेचा.
लांबून आलेल्याची नोंद होते,
इथलं जे आहे त्याला घरात ठेवायचा कागदच निघत नाही.
इस्त्रीवाल्याने हे दोनदा समजावून घेतलं
आणि काहीच न बोलता अंगठ्याजवळ सही केली.

"आता सोडणार कुठे?" मी विचारलं.
"आधी डॉक्टर. मग कुठलं रान याचं, ते शोधावं लागेल.
सापडेलच असं नाही. अठ्ठावीस वर्षं झाली."

त्यांनी खोक्यात वाळलेलं गवत अंथरलं.
ते ठेवलं तसं चालू लागलं,
खोक्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत,
पाय न घसरता.
आम्ही सगळे बघत राहिलो.

"हे पाण्यातलं नाही, आजी," बाई म्हणाल्या.
"कोरड्या माळावरचं. याला पोहता येत नाही."

आई पलंगावर, गुडघ्यांवर हात ठेवून.
बराच वेळ गेला.
"मग ते काय करत होतं
इतकी वर्षं?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.
मी टब मोरीत उपडा केला. नाणी वाजली, हल्ली चालत नाहीत ती.
आतल्या बाजूला, वीतभर उंचीपर्यंत,
सगळीकडून सारखे,
बारीक पांढरे ओरखडे.

टब जप्त करावा लागत नाही, म्हणाल्या.
तो आमच्याकडेच राहिला.