वर कोणती बाजू

कागजीपुऱ्याहून आणलेला हा कागद
कुणाच्या तरी जुन्या सदऱ्याचा लगदा.
म्हणजे माझ्याआधीच
कुणीतरी घाम गाळून गेलंय यावर.

डिंक. उदाची राख, खुलताबादच्या दर्ग्यातली.
फाटक्या हिमरूचे चार धागे,
कडब्याचं एक पातं.
निळा लावला, खरवडला, परत लावला,
काहीच ऐकू येईना.
दुपारी लाइट गेली, पंखा थांबला,
तेव्हा कुठं तो निळा
आतल्या आत पुटपुटायला लागला.

गुलमंडीवरचा फ्रेमवाला मुंजाजी
चित्र फिरवून फिरवून बघतो.
"ताई, वर कोणती बाजू?"

मलाही सांगता येत नाही.
राखेचा एक कण सुटून
काचेच्या आतून चिकटलाय.
"उघडून पुसू का?"
"राहू दे," म्हणते मी,
"तो जिकडं आहे, तिकडून वर धर."