सतराचं काय करायचं

वुच शहराच्या ट्राम डेपोत, तिसऱ्या मजल्यावर
बोगुमिवा अजून उलटं लिहिते.
उलटं, म्हणजे झेमोवितच्या मते.
आधी आकडे. मग त्यांचं काय करायचं ते.

३ ४ + २ ×

कंस नाही, बरोबरचं चिन्ह नाही,
कोण आधी, कोण नंतर याचा तंटा नाही.
तो चोवीस वर्षांचा, त्याला कंस लागतात:

(३ + ४) × २

"हे बघा, कसं चौकटीत बसतं."
"तुला दार उघडायच्या आधीच
ते लावून घ्यायची काळजी," ती म्हणते
आणि चहात लिंबू पिळते.

कँटीनमध्ये धुतलेल्या थाळ्यांची चळत.
वरची उचल. तिच्या खालची उचल.
दोघींचं जे करायचं ते कर,
जे उरेल ते परत वर ठेव.
"एवढंच. यावर तीस वर्षं
ह्या शहरातल्या ड्रायव्हरांचे पगार निघाले."
थाळ्या ओल्या होत्या. वाढपीण ओरडली.

मला तिचं पटकन कळलं.
माझ्या भाषेतही 'नाही' अगदी शेवटी येतं.
तोवर समोरचा माणूस
सगळी नामं हातात धरून उभा.

नोव्हेंबरभर झेमोवित सुलटं करत बसला.
ओव्हरटाइम, रात्रपाळी, बर्फाचा भत्ता.
कधी एका ओळीला सात कंस,
आणि आठवा कुठे मिटायचा
ते बोटांवर मोजायचं.
जुनं-नवं शेजारी ठेवून पाहिलं:
ग्रोशाचाही फरक नाही.

फक्त जुन्या यंत्रात, सगळं संपल्यावर,
चळतीच्या तळाशी रोज एक आकडा उरायचा.
सतरा.
बेरीज त्याला उचलत नव्हती, वजाबाकीही नाही.

"मार्ग होता तो," बोगुमिवा म्हणाली.
"कापड गिरणीच्या फाटकापर्यंत जायचा.
गिरणी गेली, मार्ग गेला.
मी गणित काढलं. आकडा काढायचा राहिला."
"राहिला, की ठेवलात?"
तिने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
काच आधीच स्वच्छ होती.

उलट्या लिपीत हे चालतं:
आकडा ठेवा, क्रिया कधी येईल तेव्हा येईल.
सुलट्या लिपीत त्याला
दोन्ही बाजूंनी कोणीतरी लागतं.
झेमोवितने तरी लिहून पाहिलं, एका ओळीत एकटंच:

१७;

यंत्राने पिवळा इशारा दिला:
या विधानाचा काहीही परिणाम होत नाही.

मार्चमध्ये बोगुमिवा निवृत्त झाली.
कुंडीतलं कोरफड तिने त्याला दिलं,
थाळ्यांबद्दल काही बोलली नाही.

दर रात्री अडीचला प्रोग्रॅम नव्याने बांधला जातो.
दर सकाळी अहवालात तो एकच पिवळा इशारा.
वरिष्ठांनी दोनदा विचारलं.
झेमोवित म्हणतो, बघतो.